सिस्टरच्या नावाच्या पत्रिका

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं. बायको त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती, त्यामुळे सामान बांधायला मी एकटाच होतो. टेम्पो अर्धा रिकामा राहिला. टेम्पोवाला म्हणाला, "काका, अजून काही राहिलंय का आत?" मी म्हटलं, "नाही, एवढंच."

नाशिकरोडच्या जेलरोडला तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. मालक पुण्याला असतात. माझ्या आधी तिथं एक निवृत्त नर्सबाई राहत होत्या, अकरा वर्षं, एकट्याच, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं. भिंती स्वच्छ होत्या. दाराच्या मागं कॅलेंडरचा चौकोनी डाग सोडला तर बाईंची काही खूण घरात नव्हती.

कॉलनीत आम्हाला राखेची सवय होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीच्या पानांवर बारीक राख बसायची. बायको रोज सकाळी ओलं फडकं घेऊन घरभर फिरायची आणि राखेला शिव्या द्यायची. जेलरोडला पहिल्या सकाळी मी सवयीनं कट्टा पुसला, तर फडकं होतं तसंच राहिलं. ते परत दांडीवर टाकलं आणि मग दिवसभर काय करावं ते सुचेना. मोबाइलवर वेळ बघितली तर पावणेआठ झाले होते.

जिन्याखाली सगळ्या घरांच्या पत्रपेट्या ओळीनं ठोकलेल्या आहेत. मी राहायला आलो ते दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न झालं आणि माझ्या पेटीत पाकिटं यायला लागली. माझी नव्हेत. मला पत्र लिहिणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि पेन्शनचं जे काही असतं ते मोबाइलवर येतं. ही सगळी पाकिटं नर्सबाईंच्या नावाची होती. नावाच्या आधी ठळक अक्षरात 'सिस्टर' लिहिलेलं, आणि कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं.

एका दुपारी पोस्टमन जिन्याखालीच भेटले. मी त्यांच्यापुढं तीन पाकिटं धरली.

"या बाई इथं राहत नाहीत आता."

"माहीत आहे. सिस्टर गेल्या," ते म्हणाले.

"मग हे परत न्या ना."

"परत कुठं नेऊ, काका? मागं पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. रजिस्टर असतं तर नेलं असतं. पत्रिकेच्या आत पत्ता असतो, पण आत बघणं माझं काम नाही. त्यांनी नवा पत्ता ऑफिसात द्यायला हवा होता."

"दिला नाही?"

"नाही. मी दोनदा म्हटलं होतं त्यांना. हो म्हणाल्या आणि गेल्या." त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली. "ठेवा तुम्ही. येतील न्यायला कधीतरी."

मालकांना फोन केला. ते म्हणाले, बाई गावाकडं गेल्या, कुठलं गाव ते विचारलं नाही, आणि त्यांचा नंबर आता लागत नाही.

मी पाकिटं फ्रिजवर ठेवत गेलो. मार्गशीर्ष निम्मा होईपर्यंत सात झाली. दुसऱ्याचं पत्र उघडू नये असं वडिलांनी शिकवलेलं, आणि आयुष्यभर मी ते पाळलं होतं. पण पाण्याची बाटली काढायला गेलं की ती डोळ्यांसमोर यायची. वाटायचं, कुठल्यातरी गावात कुणीतरी या बाईंची वाट बघत असणार. लग्न होऊन जाईल आणि त्यांना वाटेल, बोलावूनही आल्या नाहीत. निदान कळवावं तरी. पाकिटं चिकटवलेलीही नव्हती, झाकण नुसतं आत खोचलेलं होतं. शेवटी एका सकाळी आंघोळ करून, चहाचा कप समोर ठेवून, कामाला बसावं तसा मी टेबलाशी बसलो आणि वरचं पाकीट उघडलं.

नांदगाव तालुक्यातल्या एका गावची पत्रिका होती. छापलेल्या मजकुराच्या कडेला निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, "सिस्टर, तुमच्या हातची पोरगी आहे. तुम्ही आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत."

मग मी सगळीच उघडली. प्रत्येकावर काही ना काही हातानं लिहिलेलं होतं. "जुळ्यातला धाकटा." "पूर आला होता त्या दिवशीची." एकावर नुसतं, "वासराएवढा होता म्हणाला होतात तो." सातही पत्रिका मी टेबलावर मांडल्या आणि बराच वेळ बघत बसलो. चहाचा कप तसाच राहिला.

चार लग्नं होऊन गेली होती. नांदगावकडचं लग्न आठ दिवसांवर होतं. खालच्या नंबरवर फोन केला. मुलीच्या वडिलांनी उचलला.

"मी नाशिकरोडहून बोलतोय. तुम्ही सिस्टरना पत्रिका पाठवली होती."

"हां हां, बोला ना. येतायत ना सिस्टर?"

मी सांगितलं की सिस्टर इथं राहत नाहीत, पत्रिका त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

"म्हंजे, हायत ना सिस्टर?"

"असाव्यात. गावाकडं गेल्यात म्हणे."

"आन तुम्ही कोण त्यांचे?"

"कुणी नाही. त्या राहायच्या त्या घरात आता मी राहतो."

ते फोन बाजूला धरून कुणाशीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. मग परत आले. "आमची मंडळी म्हणती, तुम्ही या. सिस्टरच्या घरून कुणीतरी पायजे."

"अहो, पण मी त्यांच्या घरचा नाही."

"त्यांच्या घरात राहता ना? मंग झालं."

बायको गेल्यापासून मी कुणाच्या लग्नाला गेलो नव्हतो. सुरुवातीला बोलावणी आली, मी टाळली, मग यायची थांबली. या माणसांना मी ओळखतही नव्हतो. तरी त्या आठ दिवसांत मी शर्टाला इस्त्री करून आणली, चपला पुसल्या, आणि दोनदा गाडीची वेळ बघून आलो.

सकाळच्या गाडीनं नांदगावला उतरलो, तिथून जीपनं गावात. घरासमोरच मांडव होता. मुलीच्या वडिलांनी मला मांडवाच्या दारातच ओळखलं. एकट्यानं बावरून उभा असलेला मीच एक होतो. त्यांनी हात धरून पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, टॉवेल-टोपी दिली, आणि येईल त्याला सांगत राहिले, "हे सिस्टरच्या घरून आलेत." दोनतीनदा मी दुरुस्त करायला गेलो, मग सोडून दिलं.

अक्षता पडल्यावर नवरानवरी पाया पडायला आले. मी म्हटलं, "सुखानं राहा." मग वाटलं, हे पुरेसं नाही, म्हणून म्हटलं, "सिस्टरचाही आशीर्वाद आहे." मुलीनं मान वर करून बघितलं. नाकात नथ, कपाळावर घाम. तिला सिस्टर आठवतही नसतील कदाचित.

पंगतीत मुलीची आई माझ्यासमोर येऊन बसली. "ही झाली तवा रडलीच नाय," ती म्हणाली. "निळी पडली होती. माझी सासू म्हणली, गेली. सिस्टर म्हणल्या, सगळ्यांनी भायेर व्हा. काय केलं देव जाणे. लय वेळ गेला. आन मंग रडली. सिस्टर आमच्यावरच चिडल्या, म्हणल्या, गेली गेली काय म्हणता, चहा ठेवा मला." ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. मग सहज विचारलं, "तुम्हाला किती मुलं?"

"नाहीत," मी म्हटलं.

तिनं वाढणाऱ्याला हाक मारली, "पाव्हण्याला बुंदी वाढ रे," आणि माझं ताट भरेपर्यंत तिथंच बसून राहिली.

निघताना तिनं लाडवांचा एक डबा माझ्या हातात दिला. "हे सिस्टरला द्या."

"पण मला त्यांचा पत्ता माहीत नाही."

"सटाण्याच्या हायत त्या. भाऊ वारला त्यांचा. भाच्याचं औषधाचं दुकान हाय तिथं, स्टँडजवळ. जाल तर सापडंल."

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मांडवात दिवसभर माणसं माझ्याशी बोलत होती. डब्यातली माणसं मोबाइलमध्ये होती. मनमाड गेलं, लासलगाव गेलं. लाडवांचा डबा मांडीवर धरून मी बसलो होतो आणि घरी जाऊन कुलूप उघडायचं नकोसं झालं होतं.

लाडू खराब होऊ नयेत म्हणून तिसऱ्याच दिवशी सटाण्याची बस धरली. खरं सांगायचं तर लाडू पंधरा दिवसही टिकले असते. तिथं स्टँडजवळ औषधाची तीन दुकानं निघाली. दुसऱ्या दुकानातला चाळिशीचा माणूस म्हणाला, "आत्या माझीच. काय काम होतं?" मी पत्रिका दाखवल्या. त्यानं त्या चाळल्या, घरी फोन केला आणि मला मागची गल्ली दाखवली.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. आत वळून ती अहिराणीत म्हणाली, "आत्या, नाशिकना कोनी येल शे."

सिस्टर पलंगावर ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले दिसत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आधी घराचं विचारलं.

"स्वयंपाकघराची खिडकी अडकते का अजून?"

"अडकते."

"वर उचलून मग ओढायची. जोर नाही करायचा."

लाडवांचा डबा दिला, कुणी दिला ते सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला. पत्रिका हातात दिल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि परत माझ्याकडं दिल्या. "मला दिसत नाही. वाचा."

मी एकेक वाचली. गावाचं नाव, मुलाचं किंवा मुलीचं नाव, कडेला हातानं लिहिलेलं. त्या ऐकत होत्या आणि मध्येच नुसतं "हं" म्हणत होत्या. वासराएवढ्या मुलाला मात्र हसल्या. सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाल्या, "परत घेऊन जा."

"तुमच्या आहेत या."

"पत्ता मी मुद्दामच दिला नाही कुणाला. नंबरही बदलला."

मला वाटलं, भाच्याच्या घरी येणंजाणं वाढलं तर त्यांना संकोच होत असेल. तसं मी हळूच म्हटलंही.

"तसं काही नाही. भाचा चांगला आहे, सूनही चांगली. मलाच नको झालं होतं. चौदा गावं होती माझ्याकडं. लग्न असलं की बोलावणं असायचंच, आणि मी जायचे. पुढच्या खुर्चीवर बसवायचे, पाया पडायचे. आणि त्याच मांडवात मागं एखादी बाई असायची, तिचं मूल माझ्या हातात गेलेलं. गाव लहान, कुणाचंही लग्न असलं तरी ती येणारच. कधी काही बोलली नाही मला. नमस्कार करायची, जेवायची आणि जायची. अशा नऊ होत्या. मला त्यांची घरं अजून सांगता येतात, कुठल्या गल्लीत, दार कुठल्या बाजूला. नाशिकला आले तरी लग्नांना जातच होते. मग एकदा जमेना."

मग मी बोललो. का बोललो ते नीट सांगता येणार नाही. या गोष्टीवर बायको असतानाही आम्ही फार बोलत नव्हतो, आणि ती गेल्यावर तर कुणाशीच नाही.

"आमचंही एक गेलं," मी म्हटलं. "क्वार्टर नुकतंच मिळालं होतं. दिवस पूर्ण भरले होते."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"वजन?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नातेवाइकांनी विचारलं नव्हतं, कॉलनीत कुणी नाही. सगळे म्हणाले होते, विसरून जा, तरुण आहात.

"सव्वादोन किलो," मी म्हटलं. आकडा लगेच तोंडात आला.

"चेहरा बघितलात?"

"मी बघितला. बायकोला दाखवला नाही. सगळे म्हणाले, दाखवू नका, त्रास होईल."

"आम्हीही तसंच सांगायचो तेव्हा," सिस्टर म्हणाल्या. "चुकलं ते आमचं."

"तिनं एकदा विचारलं होतं मला. बऱ्याच वर्षांनी. भाजी निवडत होती. म्हणाली, केस होते का हो तिला? मी म्हटलं, आठवत नाही."

"होते?"

"होते. पुष्कळ होते. काळे, ओले."

सिस्टरनी मान हलवली. काही समजावलं नाही, देवाचंही नाव काढलं नाही. बाहेर कुणीतरी कांद्याचा ट्रॅक्टर मागं घेत होतं आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. भाच्याची बायको चहा घेऊन आली. आम्हा दोघांकडं बघून तिनं कप ठेवले आणि आत गेली.

चहा झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "त्या लोकांना वाईट वाटायला नको. एकेक कार्ड टाकाल? लिहा, सिस्टर बऱ्या आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, प्रवास होत नाही. आशीर्वाद लिहा. आणि म्हणावं, यापुढं पत्रिका पाठवू नका, पोचणार नाहीत."

"आणि अजून आल्या तर?"

"तर मला फोन करून वाचून दाखवा. मग कार्ड टाका." त्यांनी भाच्याच्या घरचा नंबर सांगितला. तो त्यांना पाठ होता.

घरी येऊन मी पोस्टकार्डं आणली. पहिलं लिहायला अर्धा दिवस लागला. अक्षर वळत नव्हतं, नोकरीत लॉगबुक भरण्यापलीकडं लिहायची सवय नव्हती. झालेल्या लग्नांच्या घरीही पाठवली. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी अकरा पत्रिका आल्या. प्रत्येक आली की मी दुपारी फोन करायचो. भाच्याची बायको उचलायची, फोन आत नेऊन द्यायची, आणि मी वाचायचो. सिस्टर एखादी आठवण सांगायच्या, कधी नुसतं "लिहा" म्हणायच्या. एकदा मी पत्रिका नसतानाही फोन केला. त्या म्हणाल्या, "हं, वाचा." मी म्हटलं, "आज काही आलेलं नाही, सहज केला." "बरं," त्या म्हणाल्या. मग आम्ही पावसाचं थोडं बोललो.

बायकोच्या कपाटातल्या वस्तू मी तोपर्यंत खोक्यातच ठेवल्या होत्या. त्या उन्हाळ्यात खोकं उघडलं. त्या बाळंतपणाची दवाखान्याची चिठ्ठी असेल असं वाटलं होतं. नव्हती. बहुतेक तिनंच कधीतरी फाडून टाकली असेल, किंवा मी न बघता रद्दीत दिली असेल. साड्या शेजारच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या बाईंना दिल्या.

दुसऱ्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष आला, आणि दोनच पत्रिका आल्या. पोस्टकार्डांनी आपलं काम केलं होतं. तिसऱ्या वर्षी एकही नाही. मी दुपारी दीडच्या सुमाराला जिन्याखाली चक्कर टाकायचो. पोस्टमन लांबूनच मान हलवायचे. पुढं त्यांचीही बदली झाली आणि नवीन माणूस कधी येतो आणि कधी जातो ते कळत नाही. पेटीत आता औषधाच्या दुकानांच्या, क्लासेसच्या, पिझ्झाच्या जाहिराती असतात. त्या सगळ्यांना येतात.

सिस्टरच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं, "आता पेपर मीच वाचते." आवाजात आनंद होता. मी म्हटलं, छान झालं. मलाही खरंच बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की आता मी त्यांना वाचून दाखवावं असं काही उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा भाच्याच्या बायकोनं उचलला. आत्या झोपल्यात म्हणाली, उठल्या की सांगते. त्यांचा फोन आला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात राहत नाही, किंवा तिच्याकडूनच सांगायचं राहून गेलं असेल. परत करावा असं दोनतीनदा मनात आलं, आणि काय सांगून करावा ते ठरलं नाही. कालच स्टँडवर जाऊन वेळा बघून आलो. सटाण्याची बस सकाळी साडेसातला आहे, दुसरी साडेनऊला. साडेनऊची बरी पडेल.